गुंदच्या रानाचे बिनपगारी कारभारी

दांडेलीहून पोटोलीवरून उळवीकडे जाणाऱ्या रस्त्यावर गुंद लागते. गाव म्हटले की आपल्या वाचकांच्या डोळ्यांपुढे चर्चचा मनोरा, त्याच्या सावलीतील घरे आणि चार दुकानांचा नाका उभा राहतो. गुंदला जाणाऱ्याने ती कल्पना दांडेलीतच ठेवून निघावे. येथे एक घर दिसते, मग बराच वेळ रान दिसते, मग दुसरे घर. दरीच्या तळाशी भाताची चिंचोळी खाचरे, त्यांच्या काठाने दोनचार माडपोफळी, वर शेणाने सारवलेले मातीच्या भिंतींचे घर, आणि घराच्या पाठीशी लगेच ऐन, किंदळ, जांभूळ, वेळू यांची दाट गर्दी. रान कोठे संपते आणि परसू कोठे सुरू होते हे परक्यास सांगता यावयाचे नाही. घरच्या माणसाला मात्र ते झाडागणिक ठाऊक असते.

थोडी वाकडी वाट केली तर सिंथेरीचा प्रचंड कातळ पाहावयास मिळतो. सुमारे ३०० फूट उंचीचा एकसंध खडक, पायथ्याशी खळाळणारी कानेरी नदी, कपारींत घुमणारी रानकबुतरे आणि वर लोंबणारी मधाची पोळी. सहलीची मंडळी येथे छायाचित्रे काढतात, डबे सोडतात आणि परततात. त्यात वावगे काही नाही, डबे उचलून नेले तर मुळीच नाही. परंतु मला गुंदकडे ओढून नेले ते ह्या कातळाने नव्हे. ह्या भागात रानाची राखण करण्यासाठी ज्या गावसमित्या झाल्या आहेत त्यांत बसणारी माणसे पाहावी, त्यांचे काम कसे चालते ते विचारावे, एवढाच माझा हेतू होता. धर्मग्रामाच्या समित्यांशी माझा आता पुष्कळ वर्षांचा संबंध आहे, आणि बिनपगारी सभासद ही काय वस्तू असते ते मला थोडेफार कळते. सभेला उशिरा येणारा, चहाच्या वेळी अचूक उगवणारा, आणि कोणी न सांगता रात्री येऊन मांडव बांधून जाणारा, असे तिघेही समितीत असतात. कित्येकदा तर ते तिघे मिळून एकच माणूस असतो.

गुंद ज्या जोयडा तालुक्यात आहे त्याला जुनी माणसे अद्याप सुपा म्हणतात. १८६२ पासून १९५६ पर्यंत हा सारा जिल्हा मुंबईच्या कारभारात होता. येथे कोंकणी, मराठी आणि कानडी ह्या तिन्ही भाषा एकाच ओटीवर ऐकू येतात, आणि बोलणारा एका वाक्यात दोनदा भाषा बदलतो तरी ऐकणाऱ्याचे काही अडत नाही. काळी नदी ह्याच तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते आणि १८४ किलोमीटर वाहून कारवारला समुद्रास मिळते. तिच्या आणि पांढरीच्या संगमावर सुपा नावाचे तालुक्याचे मुख्य गाव होते. १९८७ साली पुऱ्या झालेल्या धरणाने ते पोटात घेतले. कचेरी, बाजार, देवळे, घरे सर्व पाण्याखाली गेली आणि माणसे रामनगर व इतरत्र वसविली गेली. ‘गाव उठणे’ हा शब्दप्रयोग आपण सहज करतो. ह्या तालुक्यात तो सहज करता येत नाही. ज्याच्या घरात सुप्याचे पाहुणे होते असे प्रत्येक कुटुंब त्याचा अर्थ जाणते.

धरणाबरोबर रानाचीही मोजणी चालू होती. १९५६ साली दांडेलीचे अभयारण्य झाले, १९८७ साली अणशीचे राष्ट्रीय उद्यान झाले, २००७ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ साली त्यास काळी नदीचे नाव मिळाले. आज त्याचा विस्तार सुमारे १,३०० चौरस किलोमीटर आहे, आणि त्यातील एका वनक्षेत्राला गुंदचेच नाव आहे. वाघाला, काळ्या बिबट्याला, धनेशाला येथे आसरा मिळाला ही आनंदाची गोष्ट आहे. तथापि ज्या रानात हे सर्व टिकून राहिले त्या रानात माणूसही राहात होता, हे सांगितल्यावाचून ती गोष्ट पुरी होत नाही. कुणबी येथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. म्हशी राखणारे गवळी आहेत. तालुक्यात सिद्दी कुटुंबेही आहेत. कुणब्यांची जुनी शेती कुमरीची होती. रानाचा तुकडा तोडून, जाळून, राखेत नाचणी पेरावयाची आणि दोनतीन वर्षांनी जमीन पुन्हा रानाला परत द्यावयाची. इंग्रजी अमलात कुमरीवर बंदी आली. शेतकरी दरीत उतरून भात लावू लागला. परंतु परसातील कंदांची विद्या त्याने सोडली नाही. सुरण, कोनफळ, करांदे, काटेकणगी, अळवाच्या जाती, आणि मुडली नावाचा तो भला थोरला कंद, ह्यांचा जोयड्यात आता मेळा भरतो आणि शहरातील विद्वान माणसे वह्या घेऊन येतात. ज्या बायका पूर्वी हे कंद संकोचाने पाहुण्यांच्या पानात वाढीत, त्या आता त्यांचे भाव सांगतात.

आता समित्यांकडे वळू. १९९३ साली कर्नाटक सरकारने एक हुकूम काढला, की वनखाते आणि गावकरी ह्यांनी मिळून रान सांभाळावे. त्यातून ग्राम अरण्य समित्या निघाल्या. उत्तर कन्नड जिल्ह्यात इंग्लंडच्या सरकारी मदतीची एक वनयोजना त्याआधीच सुरू झाली होती, त्यामुळे अशा समित्या ह्या जिल्ह्यात लवकर झाल्या. अभयारण्याच्या हद्दीतील गावांसाठी परिसर विकास समिती आली. २००२ च्या कायद्याने पंचायतीपंचायतीत जैवविविधता समिती सांगितली. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेने निवडलेली १० ते १५ जणांची वनहक्क समिती सांगितली, आणि तीत किमान एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात असा नियम केला. दिल्ली आणि बंगळूर येथून पाहता ह्या चार निरनिराळ्या समित्या आहेत. रानातल्या वाडीवरून पाहता ती बहुधा तीच सातआठ माणसे आहेत. ज्याला लिहिता येते तो सगळीकडे लेखनिक, ज्याच्याकडे दुचाकी आहे तो सगळीकडे निरोप्या, आणि जिला लोकांसमोर बोलण्याची भीती वाटत नाही ती बाई सगळीकडे ‘महिला प्रतिनिधी’.

ह्यांपैकी कोणालाही पगार नाही. सभेच्या दिवसाची मजुरी बुडते ती निराळीच. कागदावर ग्राम अरण्य समितीचा चिटणीस वनखात्याचा फॉरेस्टर असतो, आणि बँकेचे खाते अध्यक्ष व तो अशा दोघांच्या सहीने चालते. खात्याचा माणूस भला असला तर ह्या जोडीने उत्तम काम होते, असे मला अनेकांनी मनापासून सांगितले. परंतु ज्याचे इतिवृत्त दुसराच लिहितो त्या सभेला आपले म्हणणे आपल्या शब्दांत कधी वाचावयास मिळत नाही, ही त्या रचनेतील खोट आहे, आणि ती माणसांच्या भलेपणाने भरून निघत नाही.

माघाचे दिवस होते. उळवीच्या जत्रेचा हंगाम नुकताच सरला होता आणि रानात पानगळ सुरू झाली होती. बैठक शाळेच्या व्हरांड्यात होती. दहा वाजताची सभा साडेअकराला सुरू झाली, कारण दोन वाड्यांची माणसे पायी यावयाची होती आणि त्यांच्यावाचून आरंभ करू नये असे ठरलेले होते. पहिला विषय वणव्याचा. फाल्गुन-चैत्रात वाळलेल्या पाल्यावर एक ठिणगी पुरते. ती कोठून येते? कधी मध काढणाऱ्याच्या पेटत्या चुडीतून, कधी विडीच्या थोटकातून, कधी रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीतून. त्याआधी जाळरेषा साफ करावयाची, म्हणजे ठराविक रुंदीच्या पट्टीतील पाला झाडून, जाळून ठेवावयाचा, की पुढे वणवा आलाच तर तेथे येऊन उपाशी मरावा. खाते काही मजूर लावते. परंतु रात्री दोन वाजता डोंगरावर उजेड दिसला तर प्रथम धावतो तो जवळच्या वाडीचा माणूस, हिरव्या फांदीची झोड घेऊन. एका सभासदाने विचारले, की अध्यक्ष गावाला गेलेले असले तर निर्णय कोणी घ्यावा? कोपऱ्यात बसलेल्या आजी म्हणाल्या, “जाळ काय अध्यक्षाला विचारून येतो?” आणि तो विषय तेथेच संपला.

दुसरा विषय जळणाचा निघाला आणि तो संपता संपेना. ओली फांदी तोडावयाची नाही, पडलेले लाकूड तेवढे वेचावे, असा ठराव पूर्वी झालेला होता. एक वहिनी उठल्या. त्यांनी तक्रार केली नाही. केवळ हिशेब सांगितला. जवळचे पडलेले लाकूड संपले आहे. पुढच्या टेकडीवर जावे तर गव्यांचा कळप उतरतो. म्हणजे सकाळचे दोन तास आणखी गेले. भाकरी कोणत्या वेळेला भाजावी, ते समितीने ठरावात लिहून द्यावे. पुरुष मंडळी जमिनीकडे पाहू लागली. ठराव करणारे बसून होते आणि मोळी वाहणारी उभी होती, हे त्या क्षणी सर्वांनाच दिसले असावे. कायद्यातील एकतृतीयांश स्त्रियांचा नियम शहरात वाचताना मला शोभेचा वाटे. त्या व्हरांड्यात तो जेवणाइतका जरुरीचा वाटला. शेवटी ठरले, की दोन वाड्यांनी आळीपाळीने पुरुषांसह टोळीने जावे आणि गॅसच्या शेगड्यांसाठी ज्यांचे अर्ज अडले आहेत त्यांची यादी करावी. फार मोठा निर्णय नव्हे. परंतु तो त्या बाईंच्या हिशेबातून निघाला होता.

रान राखण्याचे काम म्हटले की आपल्या मनापुढे लाकूडचोर उभा राहतो. रात्रीचा ट्रक, करवती, मारामारी. तसे प्रसंग येतात. पण त्यांना तोंड देणे त्या मानाने सोपे, कारण चोर परका असतो. समितीतल्या माणसाचा खरा कस लागतो तो आपल्या चुलतभावापुढे. जिल्ह्यातील उप्पग्याची गोष्ट ह्याचा उत्तम दाखला आहे. उप्पगे हे कोकमाच्याच कुळातील फळ. त्याची वाळवलेली साल कालवणात आंबटाला घालतात. १९९० च्या दशकात परदेशांत लठ्ठपणा घटविण्याच्या औषधांसाठी तिला एकाएकी मागणी आली आणि भाव चढला. जे फळ पिकून गळेपर्यंत कोणी पाहात नव्हते ते कच्चेच ओरबाडले जाऊ लागले. आपल्याआधी शेजाऱ्याने नेऊ नये म्हणून फांद्याच उतरविल्या जाऊ लागल्या. शिवाय हे फळ पावसाळ्यात येते. उन्हात वाळत नाही, म्हणून विस्तवावर वाळवावयाचे. त्यासाठी आणखी लाकूड. अशा वेळी ‘अमुक दिवसापूर्वी कोणी फळ काढावयाचे नाही’ असे म्हणणाऱ्या सभासदाला वनखात्याची भीती नसते. त्याला भीती असते ती लग्नाच्या पंगतीची, जेथे ज्याला ‘नाही’ म्हटले तोच शेजारच्या पानावर बसणार असतो. पोलिसाची नोकरी संध्याकाळी संपते; पंचाची संपत नाही.

गावच्या समितीला रानातले काय कळणार, असे विचारणारे अजूनही भेटतात. त्यांना ह्याच जिल्ह्यातील वेळूची कथा सांगावी. दांडेलीची कागदाची गिरणी १९५० च्या दशकात उभी राहिली आणि तिच्यासाठी रानातील वेळू सवलतीच्या दराने तुटू लागला. पुढे वेळू झपाट्याने कमी झाला. दोष गावकऱ्यांना आणि त्यांच्या गुरांना देण्यात आला. १९७० च्या दशकात पुण्याचे शास्त्रज्ञ माधव गाडगीळ ह्या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी रानोरान हिंडले. वेळूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे दाट आवरण असते. त्याने वाढीला अडथळा होतो अशा समजुतीने तोडणीचे मजूर ते साफ करीत. गावकरी सांगत होते, की तसे करू नका. त्या काट्यांमुळेच कोवळ्या कोंबांना संरक्षण मिळते. काटे गेले की गुरे, रानडुकरे, माकडे आणि माणसेही कोंब खातात, आणि बेट म्हातारे होऊन मरते. पाहणीअंती गावकऱ्यांचे म्हणणे खरे ठरले. ज्यांना अडाणी म्हटले त्यांच्याजवळ उत्तर तयार होते; विचारणारा तेवढा नव्हता. समिती म्हणजे हे उत्तर वेळेवर विचारण्याची सोय होय. ती सोय नसेल तर गावचे शहाणपण चुलीपाशी बसून राहते.

ह्या जिल्ह्यात अशी सोय आजची नव्हे. घाटाखाली कुमठा तालुक्यात हळकार नावाचे गाव आहे. १९२१ च्या सुमारास कॉलिन्स नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने कानड्यातील रानांची पाहणी केली, तेव्हा काही गावे आपली राने स्वतःच उत्तम सांभाळीत असल्याचे त्याने नमूद केले, आणि त्या दशकापासून पुढे हळकार, कल्लब्बे, चित्रगी अशा गावांच्या रानपंचायतींना मान्यता मिळत गेली. निवडलेले पंच, गावाने वर्गणीतून ठेवलेला राखणदार, आणि कोणी किती पालापाचोळा, किती जळण न्यावे ह्याचे नियम. साधी व्यवस्था, पण टिकाऊ. स्वातंत्र्यानंतर सरकारने ह्या पंचायती मोडीत काढण्याचे ठरविले. चित्रगीची पंचायत गेली आणि तिच्या पाठोपाठ तेथील रानही गेले. हळकारची माणसे न्यायालयात गेली, सरकारी हुकूम थोपवून धरला, आणि त्यांचे रान उभे राहिले. दोन गावांचा पाऊस एक, माती एक, लोकही सारखेच. फरक एवढाच, की एकीकडे रान कोणाचे हे लोकांना ठाऊक होते आणि दुसरीकडे ते एका सकाळी कोणाचेच राहिले नाही. जे कोणाचेच नसते ते आज मी तोडले नाही तर उद्या तू तोडशील; ह्या एका विचारापुढे शंभर वर्षांचे झाड टिकत नाही.

अशीच एक गोष्ट स्वित्झर्लंड देशातील आहे. तेथील डोंगराळ व्हाले प्रांतात, आपल्याच धर्माच्या लोकांचे, तोर्बेल नावाचे खेडे आहे. १४८३ साली त्या गावच्या लोकांनी एकत्र येऊन आपल्या सामायिक कुरणांचा कारभार पाहण्यासाठी संघ स्थापला आणि तसा कागद केला. १५१७ साली नियम झाला, की जितक्या गाई तुम्ही हिवाळ्यात घरच्या वैरणीवर पोसू शकाल तितक्याच उन्हाळ्यात सामायिक कुरणावर सोडाव्यात, अधिक नाही. किती मोजकी, किती शेतकरी बुद्धीची ही अट! उन्हाळ्यापुरत्या गाई विकत आणून फुकटचे गवत चारणाऱ्याचा रस्ता तिने एका ओळीत बंद केला. एलिनॉर ऑस्ट्रॉम नावाच्या अमेरिकन विदुषीने अशा अनेक गावांचा अभ्यास केला. सामायिक मालमत्ता नेहमी नष्टच होते, ती सरकारने ताब्यात घ्यावी किंवा खासगी करावी, ह्या पंडितांच्या मताला तिने उत्तर दिले, की माणसे आपले नियम आपण करून ती सांभाळू शकतात. २००९ साली तिला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळविणारी ती पहिली स्त्री. गुंदच्या व्हरांड्यात तिचे नाव कोणी ऐकलेले नव्हते, आणि ऐकण्याची तशी जरूरही नव्हती. तोर्बेलची अट मात्र मी सांगितली तेव्हा एक गवळी मामा मोठ्याने हसले. “म्हणजे तिथे पण लोक असेच!” असे ते म्हणाले.

महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा हे गोंडांचे लहानसे गाव ह्या बाबतीत सर्वांच्या पुढे गेले आहे. तेथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसंमतीने होतो. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेवर जातो. घाई असलेल्या माणसाला ही रीत वेडेपणाची वाटेल. परंतु विचार करा: हात वर करून पाच विरुद्ध चार असा ठराव झाला, तर ते चार जण रानात कोणाच्या भीतीने तो पाळणार? वनहक्क कायद्याखाली २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर रानाचा सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला तरी आपला वेळू विकण्याचा परवाना खाते देईना. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रातील वनमंत्री स्वतः गावात आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. त्या वेळूच्या पैशाचा हिशेब ग्रामसभेत सर्वांपुढे मांडतात. बिनपगारी कारभाराचा पाया तोच. पगार नसलेल्या माणसावर संशय घेणे फार सोपे असते, आणि एकदा तो आला की चांगला माणूस प्रथम घरी बसतो.

गुंदच्या कुणब्यांना मेंढ्याचा रस्ता मोकळा का नाही, असे कोणी विचारील. कायदा एकच, पण त्याच्या दारावर दोन निरनिराळे उंबरे आहेत. मेंढ्याचे गोंड अनुसूचित जमातीत मोडतात. सह्याद्रीच्या पलीकडे गोव्यातील कुणबी, गावडा व वेळीप ह्यांना २००३ साली अनुसूचित जमातीत घेण्यात आले. अलीकडचे कुणबी, ज्यांच्या सोयरिकी पलीकडे आहेत, ते ह्या यादीत नाहीत. त्यांची मागणी जुनी आहे. परिणामी वनहक्काच्या दाव्यासाठी त्यांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून १३ डिसेंबर २००५ च्या पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास सिद्ध करावा लागतो. ज्याच्या आजोबांना सही येत नव्हती त्याने १९३० सालचा कागद कोठून आणावा? वनहक्क समितीच्या सभासदांचे कित्येक दिवस ह्या कागदांच्या मागे जातात. देवाचा दगड, जुनी विहीर, आजोबांनी लावलेला फणस, हे त्यांचे पुरावे. म्हाताऱ्यांची साक्षही नियमांनी ग्राह्य धरली आहे. पण म्हातारे वाट पाहात थांबत नाहीत.

आणि आता सर्वांत कठीण गोष्ट. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातून स्वखुशीने बाहेर पडणाऱ्या कुटुंबास सरकार मोबदला देते. २००८ साली तो १० लाख रुपये ठरला आणि २०२१ साली १५ लाख झाला. अठरा वर्षांवरील मुलगा वेगळे कुटुंब धरला जातो. म्हणजे एकाच चुलीवर जेवणाऱ्या बापलेकांच्या पुढे दोन निरनिराळ्या रकमा आणि दोन निरनिराळी आयुष्ये मांडली जातात. लेकाला दांडेली दिसते, मुलांची शाळा दिसते, दवाखाना दिसतो. अडलेली बाळंतीण डोलीतून रस्त्यापर्यंत नेली आहे असा माणूस रानाच्या सौंदर्यावर भाषण ऐकून घेणार नाही, आणि त्याने ऐकू नये. बापाला आपला फणस दिसतो, मुडलीचा वाफा दिसतो, आणि सुपे उठले तेव्हा गेलेल्या माणसांचे पुढे काय झाले ते आठवते. दोघांपैकी एक शहाणा आणि एक मूर्ख असे मला तरी म्हणता येत नाही. रक्कम हाती आल्यावर ती दोन वर्षांत कशी विरते हे मी इतरत्र पाहिले आहे. तितकेच खरे, की जे गेले त्यांतील काहींची मुले आज नोकरीत आहेत.

कायदा म्हणतो, की उठावयाचे तर ग्रामसभेची पूर्ण माहितीपूर्वक संमती हवी, आणि त्याआधी लोकांचे हक्क मान्य व्हावयास हवेत. हे शब्द चांगले आहेत. पण ग्रामसभा म्हणजे कोण? तीच सातआठ माणसे, ज्यांनी वणव्याची यादी केली, जळणाचा तंटा मिटविला, ७५ वर्षांचे कागद शोधले. त्यांच्यात एक जाऊ पाहतो आणि एक राहू पाहतो, आणि दोघे एकाच चटईवर बसून रानाचा ठराव लिहितात. ज्याने मनातल्या मनात घर सोडले त्याने पुढच्या दहा वर्षांच्या राखणीवर मत द्यावे काय? आणि त्याने देऊ नये म्हटले, तर उरतो कोण? रान राखावयाचे म्हणून माणसे उठवावी, असे म्हणणाऱ्यांना मी आदराने एवढेच विचारीन, की रात्री दोन वाजता डोंगरावर उजेड दिसेल तेव्हा कोणत्या वाडीतून माणूस धावावा अशी आपली योजना आहे? पगारी पहारेकरी शूर असतात, आणि ह्या रानांत त्यांचे कष्ट मी पाहिले आहेत. पण त्यांची संख्या मोजकी, बदल्या वारंवार, आणि रान विस्तीर्ण.

ह्याविषयी त्या सभेत कोणी उघड बोलले नाही. बोलले ते यादीच्या निमित्ताने. चैत्राअखेरपर्यंतच्या रात्रींसाठी प्रत्येक वाडीतून दोन माणसे नेमावयाची होती. लेखनिकाने गेल्या वर्षीची वही उघडली आणि नावे वाचू लागला. दोन नावांवर तो थांबला. ती घरे आता बंद आहेत, हे सर्वांना ठाऊक होते. कुणी कधी गेले, किती मिळाले, हे कोणी काढले नाही. त्याने दोन्ही नावांवर हळूच रेघ ओढली आणि वर पाहिले. पुरुषांनी एकमेकांकडे पाहिले. प्रत्येकाचे नाव आधीच कोठे ना कोठे लागलेले होते. तेव्हा कोपऱ्यातल्या त्या आजींनी आपल्या नातवाचे नाव सांगितले. तो दांडेलीला शिकतो, कोणीतरी म्हणाले. तो कसा येणार? “शनिवारी येतो ना,” आजी म्हणाल्या, “शनिवारचे लिहा.” लेखनिकाने नाव लिहिले, पुढे ‘फक्त शनिवार’ असे नोंदविले, आणि दुसऱ्या रिकाम्या जागेसाठी पुन्हा वर पाहिले.